डावीकडं कडुबा, उजवीकडं मी

मी, कस्तुराबाई सोनाजी शिंगाडे, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, शिक्षण दुसरी, वय आधार कार्डावर अडुसष्ट आणि खरं त्याहून चारनं कमी, डोकं जागेवर असताना हे मृत्युपत्र सांगून लिहून घेत आहे. लिहिणारी माझी नात तेजल. तिनं मधेमधे भाषा सुधारली होती, ती मी वाचून घेऊन निम्मी परत बिघडवली. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. दडपण आणणारी माणसं बहुतेक गेली. एक भाऊ उरला आहे, त्याचं पुढं येईल.

माझ्या पोराला वाटतं हा कागद घरासाठी चालला आहे. घराचं दोन ओळीत होतं. बाकीचा कागद एका गाण्यासाठी आहे. त्या गाण्यावर माझं नाव नाही, आणि ज्याच्याबरोबर ते गायले त्याच्याबरोबर मी आजवर एका छपराखाली बसलेली नाही. ह्या दोन गोष्टी मरायच्या आत निस्तरायच्या आहेत.

कलम पहिलं. मुकुंदवाडीचं दोन खोल्यांचं घर मुलगा त्रिंबक याला. बँकेत जे असेल ते सुनेला. त्रिंबकच्या हातात पैसा आणि चाळणीत पाणी, दोन्ही सारखंच.

कलम दुसरं. माझं घोंगडं आणि लोकर कातरायची कातर तेजलला. मेंढरं राहिली नाहीत, तरी कातर परजून ठेवावी. ह्या कातरीनं मी बापाची शंभर मेंढरं भादरली आणि एकदा एक वायर कापली. वायरीचं कलम पाचमध्ये आहे.

कलम तिसरं. माझा भाऊ मल्हारराव याला एक काडेपेटी देत आहे. रिकामी.

कारण लिहावं लागेल असं वकील नानासाहेब म्हणाले, म्हणून लिहिते. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाडाभर आग लागली. आमच्या गावात ती आपोआप लागली नाही. त्या दिवशी मल्हारराव दुपारी रॉकेलचा डबा घेऊन गेला आणि रिकामा घेऊन आला. आई म्हणाली, "आरं, कंदिलाचं रॉकेल कुठं गेलं?" तो म्हणाला, "संपलं." तवर बौद्धवाड्यावरून धूर दिसायला लागला होता. पहिलं घर पडलं ते सांडू मगरेंचं. त्यांचा मुलगा कडुबा. माणसं वाचली. चूल, भांडी आणि एक बुलबुलतरंग जळालं.

बापाच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर मी आजपर्यंत सही केलेली नाही, हे मल्हाररावला माहीत आहे. का केली नाही, हे त्यानं कधी विचारलं नाही. तो कडुबाच्या दारात जाऊन "मी लावली" एवढे दोन शब्द बोलला, तर माझा हिस्सा त्याच्या लेकरांचा. नाही बोलला तर हिस्सा तेजलचा, आणि तेजलची जीभ माझ्यावर गेली आहे.

कलम चौथं. गाणं.

डोंगराकडंला मी मेंढरं चारायची आणि कडुबा पलीकडच्या अंगाला जळण तोडायचा. तो ओवीची एक ओळ टाकायचा, मी दुसरी.

"डोंगराच्या पल्याड वाजती कुणाची घुंगरं?"

"पाण्याला आली मेंढरं, मी बी त्यांच्याबरुबर."

एवढंच. मग तो पाण्यावर यायचा. दोन पावसाळे हे चाललं. आम्ही भेटलो ते उघड्यावर. त्याला आमच्या ओसरीची पायरी चढता येत नव्हती, आणि मला त्याच्याकडचं पाणी पिता येत नव्हतं. पीत होते, ते वेगळं. जळितानंतर मगरे शहरात उस्मानपुऱ्याला गेले. महिन्याच्या आत माझं लग्न लावून दिलं. मालक सोनाजी चिकलठाण्याच्या कंपन्यांचा माल टेंपोनं न्यायचे. कडुबा नामांतरासाठी सत्याग्रहाला बसला आणि हर्सूलच्या जेलात गेला, हे मला वर्षानं कळलं. तेही भाजीच्या पुडीच्या पेपरावर यादी होती म्हणून. दुसरी शिकल्याचा तेवढा फायदा झाला.

मग कंपन्या वाढल्या, बायांनाही काम मिळालं. मी पॅकिंगला लागले. सत्त्याऐंशी साली उस्मानपुऱ्यात अजराभाभीकडं ब्लाऊज शिवायला टाकलं. तिचे मालक रहीमभाई, यांचं पुढच्या खोलीत टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान. कॅसेटी पण भरून द्यायचे. भाभी माप घेत होती, मी सवयीनं गुणगुणत होते. पडद्याआडून रहीमभाई म्हणाले, "बाई, ये आवाज मेरेकू होना."

मी म्हणाले, "आवाज काय मिरच्या हायेत का पावशेर द्यायला?"

भाभी हसली. "देव ना आपा. आठ दिन से एक औरत की आवाज के वास्ते घर में मेरा डोकं खा रहे."

त्यांच्याकडं एक कीबोर्ड होता. त्यात ढोलकी पण होती आणि ढोलकीवाला नव्हता. बटण दाबलं की ठकठक सुरू, आमच्या पॅकिंगच्या मशीनसारखी, दमणं नाही. त्यांनी माझ्या कानावर हेडफोन बसवला आणि म्हणाले, "कल एक जन गाके गया. पहले सुनो, फिर जवाब देव."

ठकठक झाली. बाजा पाण्यात बुडाल्यासारखा वाजला. मग कडुबा म्हणाला, डोंगराच्या पल्याड वाजती कुणाची घुंगरं.

नऊ वर्षांनी ऐकला. मी रडले नाही. दुकानात धूळ लई होती.

रहीमभाईंना काही माहीत नव्हतं. त्यांनी वहीत लिहिलेला जवाब माझ्यापुढं धरला: मी बी त्यांच्याबरुबर. कडुबानं जसा होता तसाच लिहून दिला होता. मी गायले, "पाण्याला आली मेंढरं, मी न्हाई त्यांच्याबरुबर."

"आपा, गलत बोले."

"बरुबर बोलले," मी म्हणाले. "पुढं चालवा."

तेवढ्यानं ते गाणं विरहाचं झालं. तोवर ते भेटीचं होतं, हे फक्त दोघांना माहीत आहे.

टेपेत दोन वाटा असतात, एक डाव्या स्पीकरची, एक उजव्या. रहीमभाईंनी विचारलं, "दोनो को बीच में लाऊं?" मी म्हणाले, नको. तो डावीकडं राहू द्या, मी उजवीकडं. बाजा मधी असू द्या. ते म्हणाले, ऐसा कोई नहीं करता. मी म्हणाले, आमच्यात असंच करतात.

कडुबानं तयार गाणं ऐकलं तेव्हा एका शब्दावरून त्यानं मला ओळखलं. रहीमभाईंनी मला सांगितलं की तो चहा तसाच ठेवून उठला आणि जाताना म्हणाला, "काही बदलू नका. जसं हाय तसं राहू द्या." तोवर त्याचं लग्न झालं होतं. माझ्या कडेवर त्रिंबक होता.

कलम पाचवं. गाण्याचं पुढं काय झालं.

कॅसेट चालली. रिक्षात, चहाच्या टपरीवर, वाळूजच्या नव्या कंपन्यांच्या गेटवर. रिक्षात डाव्या अंगाला बसणाऱ्याला नुसता बाप्या ऐकू यायचा आणि उजव्या अंगाला बसणाऱ्याला नुसती बाई. लोकांनी ते वरातीत वाजवलं. एक मूर्ख नवरदेव घोड्यावर बसून माझ्या दुःखावर नाचताना मी स्वतः पाहिला. आमचे धनगर म्हणाले, ओवीला डबड्याचा बाजा लावून बाटवली. कडुबाचे लोक म्हणाले, पोरं लाठ्या खातात आणि हा बाईच्या नावानं रडतो. एका पेपरात छापून आलं की या गाण्यात यंत्र आहे, माणूस नाही. तो पेपर मी चुलीला घातला. बरा पेटला.

माझे मालक सोनाजी यांना गाणं लई आवडलं. टेंपोत दिवसातून चारदा लावायचे. टेंपोला दोन स्पीकर. पहिल्याच दिवशी, ते जेवत असताना, मी कातरीनं उजव्या स्पीकरची वायर कापली. पुढं बावीस वर्षं ते कडुबाला एकट्यालाच ऐकत होते. मला म्हणायचे, "गडी मधी मधी गप का बसतो गं?" मी म्हणायची, "दम खात असंल."

दोन हजार नऊला मालक गेले. टेंपो विकायला काढला. घेणाऱ्यानं टेप लावून पाहिला आणि म्हणाला, "वहिनी, टेप झकास हाय, दोन्ही स्पीकर चालू." मी आत डोकं घालून पाहिलं. वायर जोडलेली होती, वर काळी चिकटपट्टी, आणि पट्टी जुनी होऊन पांढरी पडलेली. कधी जोडली ते विचारायला माणूस राहिला नव्हता. गडी गप का बसतो, हे ते मला वायर जोडल्यावर पण विचारत होते का, हेही कळायला मार्ग नाही. सोनाजी शिंगाडे यांना ह्या कागदात काही देता येत नाही. एवढं लिहून ठेवते की ते मला कधी टाकून बोलले नाहीत, आणि मी त्यांना ओळखायला उशीर केला.

कडुबाला मी ह्या सगळ्या वर्षांत एकदा पाहिलं. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. गेटपाशी गर्दी, गुलाल, निळे झेंडे. माल टाकून येताना टेंपो तिथं अडकला, मी उतरून उभी राहिले. एका कॅसेटवाल्याच्या गाड्यावर दोन टोकांना दोन कर्णे होते. भीमगीतं संपली आणि त्यानं आमचं गाणं लावलं. पलीकडच्या कर्ण्याखाली कडुबा उभा. केस पिकले होते, कपाळावर गुलाल. माझ्या डोक्यावर त्याचा आवाज, त्याच्या डोक्यावर माझा. गाणं चार मिनिटांचं आहे. चार मिनिटं कुणी हललं नाही. मग मालकांनी हॉर्न दिला.

कलम सहावं. अजराभाभीला माझी हिमरू शाल आणि तिचं नाव परत.

कॅसेटच्या कव्हरावर कडुबाचं नाव आहे आणि गायिका म्हणून "अजरा". माझं छापलं असतं तर मल्हाररावानं दुसरा डबा आणला असता. तेव्हा भाभी म्हणाली, "मेरा डाल दो. मेरेकू कौन पूछता." विचारलं की. तिच्या भावांनी दोन वर्षं बोलणं टाकलं. लग्नात बाया टोमणे मारायच्या, "अजरा, गाओ ना, वो डोंगरवाला." तिला साधी अंगाई सुरात येत नाही. सदतीस वर्षं तिनं तोंड उघडलं नाही. मी तिच्याकडं ब्लाऊज शिवायला टाकत राहिले आणि ती शिवत राहिली, आणि हा विषय आम्ही काढला नाही. आता सर्वांनी वाचावं: अजरा शेख रहीम हिनं आयुष्यात एकही गाणं गायलेलं नाही.

कलम सातवं. मूळ कॅसेट आणि रहीमभाईंची वही कडुबा सांडू मगरे याला.

हे कलम मी रद्द केलं आहे. कॅसेट व वही तेजलकडं राहील. कारण शेवटी आहे.

कलम आठवं. हे गाणं पुण्याची काही पोरं नव्यानं काढणार आहेत. त्यांनी तेजलला विचारलं, बाई कोण? तेजलनं मला विचारलं. तिथून हा कागद सुरू झाला. नाव असं लावावं: कडुबा मगरे आणि कस्तुराबाई शिंगाडे. शेजारी शेजारी, एकाच ओळीत. ह्या शहराचं नाव बदललं, विद्यापीठाचं बदललं, माझं एक कव्हरावर यायला हरकत नसावी.

पोरं म्हणतात, दोन्ही आवाज मधी आणतो, आता सोपं आहे. आणू नयेत. भिंत खरी होती. ती तुम्ही बटण दाबून पाडायची नाही. ज्याला दोघं ऐकायचे असतील त्यानं दोन्ही कान द्यावेत.

कलम नववं आणि शेवटचं. साक्षीदार.

नानासाहेब म्हणाले, "आजी, साक्षीदार दोन लागतात. तुम्ही सही करताना दोघं समोर पाहिजेत, एका खोलीत. आणि ज्याला कागदातून काही मिळतं त्याला साक्षीला घ्यायचं नाही."

मी त्यांना ते दोनदा म्हणायला लावलं. मग कलम सातवर काट मारायला सांगितली. कडुबाला मी काही देत नाही.

नुसतं बोलावलं असतं तर पोरानं विचारलं असतं, कोण हा, कशाला. कायद्याला कुणी कशाला विचारत नाही. तेजलला उस्मानपुऱ्याला धाडलं. ती परत आली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आजीला विचार, मागच्यासारखं मी आदल्या दिवशी येऊन जाऊ का?"

मी म्हणाले, "त्याच दिवशी ये म्हणाव."

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, माझाच आहे, पटला. अंगठा देणार नाही, सही करते.

कस्तुराबाई सोनाजी शिंगाडे

आम्ही खाली सह्या करणार लिहून देतो की, मृत्युपत्र करणारीनं आमच्या डोळ्यांसमोर सही केली, आम्ही तिच्यासमोर केली, आणि त्या वेळी आम्ही सर्वजण एकाच खोलीत हजर होतो.

साक्षीदार १: वहिदा शेख रहीम (अजराभाभीची लेक), उस्मानपुरा

साक्षीदार २: कडुबा सांडू मगरे, उस्मानपुरा

ठिकाण: मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२४, रविवार

साक्षीदार आले सकाळी साडेदहाला. सह्या झाल्या दुपारी चारला. वेळ लिहायची गरज नसते असं वकील म्हणाले. मी लिहायला लावली.