चौतीस सह्या, चौतीस तारे

३ जुलै, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रागवायचं नाही. संकल्प पहिला आणि शेवटचा.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, शनिवारी स्पष्टच सांगितलं. माझी नोकरी वर्षभर ट्रायलवर आहे. या महिन्यात तिसरी अ च्या चौतीसपैकी निदान पंचवीस पालकांना वर्गाचे नियम आणि अपेक्षा समजल्या, असं लेखी दाखवायचं. नाहीतर माझा वर्ग ब तुकडीच्या बाईंकडे जाणार आणि मी ऑफिसात दाखले लिहीत बसणार. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. दाखले लिहायला नाही केलं.

पंचवीस कसले, चौतीस येतील. पालक-पुस्तिका तयार आहे. बावीस पानं. दप्तर आदल्या संध्याकाळी भरणे, दोन पेन्सिली टोक काढून, न गळणारी बाटली, रांगेत हात मागे, रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचन आणि शेजारी पालक बसलेला. पान सतरा: पालकांनी वर्गाच्या खिडकीतून मुलाला हात हलवू नये.

दुपारी १.३०

रागावले. एकदाच. झेरॉक्सवाल्याने सगळ्या प्रतींत पान नऊ दोनदा घातलं आणि पान दहा घातलंच नाही. वर म्हणतो, मॅडम, तिथवर कोण पोचतंय.

५ जुलै, बुधवार

ताईने पुस्तिका हातात घेऊन आधी वजन पाहिलं. ताई शिवणकाम करते, तिला कापडाची सवय. म्हणाली, मी तर पहिल्या पानावरच झोपेन. मी म्हटलं, म्हणूनच ही पुस्तिका तुझ्यासारख्यांसाठी आहे. तिने सुईत दोरा ओवला. काजं करत बसली. पटलं असावं.

८ जुलै, शनिवार. दुपारी २.००

सभा झाली. वेळ अकरा ते एक. उपस्थिती तीन.

तीन! शनिवारी काम असतं म्हणे. मुलांपेक्षा काम मोठं. यांना मुलं कशाला हवीत?

तीनपैकी एक आजोबा, ते ब तुकडीतल्या नातवाचे निघाले, वर्ग चुकला होता. एक आई, कडेवर तान्हं बाळ. ते पान तीनवर रडायला लागलं आणि दोघं गेली. एक वॉचमन, ड्यूटी संपवून थेट आलेले. मुलांच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसले आणि पान सहावर झोपले. तरी मी बावीसही पानं घेतली. हात वर करण्याचा सराव घेतला. आजोबांनी केला हात वर. शंका होती, संडास कुठे आहे.

संख्या कमी, पण दर्जा उत्तम. मी कुणावर रागावलेली नाही.

१० जुलै, सोमवार

ब तुकडीच्या बाई शाळा सुटताना गेटवर उभ्या राहतात, पर्स काखेत मारून. येणाऱ्या प्रत्येक पालकाशी दोन वाक्यं बोलतात. काय हो, बाळाचा ताप उतरला का, आणि ते वाचन तेवढं घ्या हं. झालं. तेहतीसपैकी तीस सह्या त्यांनी अशा गेटवर उभ्या उभ्या मिळवल्या. याला पालक-प्रबोधन म्हणत नाहीत. याला गप्पा म्हणतात. त्यांनी मला सल्ला दिला, तूही येऊन उभी राहा गं. मी नम्रपणे सांगितलं की माझ्याकडे पद्धत आहे. त्या म्हणाल्या, बरं बाई. त्या ‘बरं बाई’चा मला दिवसभर राग आला. आला नाही, जाणवला.

११ जुलै, मंगळवार. सकाळी ५.५०

सुचलं!

भिंतीवर तक्ता. चौतीस मुलांची नावं. पुस्तिकेच्या मागे जी चिठ्ठी आहे, ‘वाचले, समजले, मान्य आहे’, ती पालकांच्या सहीने आणली की नावापुढे सोनेरी तारा. शिक्षा नाही, मारणं नाही, ओरडणं नाही. आधुनिक बालमानसशास्त्र. तक्ता दारासमोर लावला, म्हणजे येताजाता दिसेल कुणाच्या घरी काळजी आहे आणि कुणाच्या नाही.

१२ जुलै, बुधवार

सहा तारे.

१३ जुलै, गुरुवार

एकोणीस तारे. एक मुलगा तारा नाही म्हणून मधल्या सुट्टीत डबा न खाता तक्त्यापुढे उभा होता. परिणाम होतोय.

१४ जुलै, शुक्रवार. दुपारी १.००

चौतीस!

चौतीसपैकी चौतीस. मोठ्या बाईंच्या टेबलावर गठ्ठा ठेवला. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, हे त्या सहसा करत नाहीत. म्हणाल्या, संस्थेचे सेक्रेटरी पुढच्या शुक्रवारी येणार आहेत, त्यांना तुझा तक्ता दाखवू आणि तुझ्या कायम होण्याचं तेव्हाच बोलू.

ब तुकडीच्या बाईंना सहज सांगितलं. तीनदा.

१५ जुलै, शनिवार

चिठ्ठ्या फाइलला लावल्या. एक गोष्ट लक्षात आली. एकतीस सह्या जांभळ्या पेनने आहेत. आश्चर्य नाही. एकाच भागातली माणसं एकाच दुकानातून पेन घेतात.

१७ जुलै, सोमवार

एका वडिलांनी सहीच्या जागी ‘बाबा’ एवढंच लिहिलंय. साधेपणा भावला. चार आयांनी सहीखाली फूल काढलंय. अडाणी म्हणून ज्यांना आपण हिणवतो, त्यांच्यात किती कला असते!

१८ जुलै, मंगळवार. दुपारी १२.४०

लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. रागाने.

मधल्या सुट्टीत वर्गात डोकावले. शेवटच्या बाकापाशी नऊ मुलांची रांग. हात मागे, दोघांत एक हात अंतर, कुणी बोलत नाही, पान चारवर लिहिलंय तंतोतंत तसं. रांगेच्या टोकाला दोन वेण्या घालणारी मुलगी, हातात जांभळं पेन, आणि पुढ्यात उद्या द्यायचे आरोग्य तपासणीचे फॉर्म. एकेक फॉर्म घेत होती, विचारत होती, आईची की बाबांची, आणि सही ठोकत होती.

मी विचारलं हे काय चाललंय. ती उभी राहिली आणि सरळ सांगितलं. तिच्या आईला सही येत नाही, म्हणून तिने पहिल्या दिवशी आईची केली. मग बाकावरच्या शेजारणीने मागितली, तिची आई कामावरून उशिरा येते. मग सगळ्यांनीच. तारा हवा होता ना बाई, असं म्हणाली. आणि पुस्तिका कुणीच वाचली नाही, मोठे शब्द आहेत.

पूर्ण वर्गासमोर मी तिला बोलले. फसवणूक, खोटेपणा, लाज कशी वाटत नाही. तक्त्यावरचे चौतीसही तारे नखाने खरवडून काढले. वर्ग रडायला लागला. ती रडली नाही. तिने पेनाला टोपण लावलं.

तिचा राग नाही. तिच्या आईबापांचा आहे. एक सही! वर्षातून एक सही मागितली होती.

१९ जुलै, बुधवार. संध्याकाळी ७.३०

ताईपुढे सगळं बोलून टाकलं. म्हटलं, गरिबी आमच्याकडे नव्हती का? बाबा ट्रकवर ड्रायव्हर, महिनोन्‌महिने बाहेर. तरी माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर त्यांची सही असायची. मी झोपल्यावर यायचे, सही करायचे, पहाटे गाडी घेऊन जायचे. ज्याला करायचं असतं तो करतो. भाषण चांगलं झालं.

ताईने मशीनचं चाक थांबवलं. खडूने कापडाच्या कडेला बाबांची सही काढली. तो शेवटचा गोल, खालची तिरकी रेघ. तशीच.

मग म्हणाली, “तू तिसरीत होतीस तेव्हा बाबा पाच महिने घरी आले नव्हते. बाईंनी सही नसेल तर वर्गाबाहेर उभं करीन म्हटलं होतं तुला.”

मी विचारलं, मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाही.

“तुला आवडायचं, बाबा येऊन गेले म्हणून.”

आणि मशीन चालू केलं. माझ्या तिसरीच्या वर्षी ती सातवीत होती. आठवीत ती शाळेत नव्हतीच.

ते वेगळं होतं. आमची परिस्थिती वेगळी होती. उद्या यावर नीट विचार करून लिहीन.

२० जुलै, गुरुवार

काल लिहीन म्हटलं ते लिहायला वेळ नाही.

मोठ्या बाईंना खरं सांगितलं. त्यांनी उठून खिडकी लावून घेतली. मग म्हणाल्या, सेक्रेटरी जाईपर्यंत तारे परत लाव, तारे काय, बाजारात मिळतात. मी म्हटलं, लावणार नाही. आवाज चढला माझा. त्यांचाही. बाहेर येऊन मनातल्या मनात राजीनामा लिहिला, चार पानी, उपमुद्द्यांसह. तत्त्वासाठी माणसाने नोकरी सोडली पाहिजे.

दिला नाही. ताईच्या मशीनचा हप्ता माझ्या पगारातून जातो, आणि टाइप करायला कॉम्प्युटर मोकळा नव्हता.

२१ जुलै, शुक्रवार. दुपारी ३.१५

सकाळी ७.४० ला वर्गाच्या दारात पालक उभे होते. एक दोन नाही, एकतीस. बोलावलं कुणीच नव्हतं. मुलांनी घरी जाऊन तारे खरवडल्याचं सांगितलं, आणि दोन दिवसांत त्यांचं आपसात ठरलं.

सगळे मुलांच्या बाकांवर बसले. सगळे एकदम बोलत होते, हात वर करून कुणीच नाही. वॉचमन आज टक्क जागे होते. म्हणाले, आमची पोरगी दोन दिवस जेवली नाही मॅडम, तारा म्हणजे काय सोन्याची खाण होती का? कडेवर बाळ असलेली आई म्हणाली, मी आले होते तेव्हा तुम्ही वाचतच सुटलात, माझ्याकडे बघितलं तरी का? तिचं बाळ आज अजिबात रडलं नाही. मला फार राग आला. तोंड उघडलं, पान क्रमांक आठवेना.

मग दोन वेण्यांवालीची आई उठली. हॉस्पिटलात फरशी पुसते, तोच निळा कोट अंगावर. ती ओरडली नाही, तेच वाईट.

“सही माझी पाहिजे होती ना तुम्हाला? मग मला विचारायचं. मी रोज सव्वाबाराला गेटवर असते. तिला का बोललात सगळ्यांसमोर?”

मला ताईची खडूची रेघ दिसली. उत्तर तयार होतं, पुस्तिकेतलंच, पान एकोणीस, जबाबदारी. तोंडातून निघालं, “चुकलं माझं.”

नेमके तेव्हाच सेक्रेटरी मोठ्या बाईंबरोबर आत आले. भरलेला वर्ग बघून खूश झाले. इतकी उपस्थिती या शाळेत कधी पाहिली नाही म्हणाले, आणि आजचा विषय काय, असं प्रेमाने विचारलं. वॉचमननी उभं राहून सांगितलं, या मॅडमची तक्रार.

सोमवारपासून ब तुकडीच्या बाई तिसरी अ सुद्धा बघणार, दोन्ही वर्ग मिळून. मी सहामाहीपर्यंत ऑफिसात. कायम होण्याचं सहामाहीनंतर ‘बघू’.

ऑफिसातलं पहिलं काम लगेच मिळालं, आजच्या सभेचं इतिवृत्त. रजिस्टर काढलं. उपस्थिती: एकतीस. विषय: वर्गशिक्षिकेचे वर्तन. खाली पालकांच्या सह्या घ्यायच्या होत्या, म्हणून सव्वाबाराला गेटवर जाऊन उभी राहिले. ब तुकडीच्या बाई थोडं सरकल्या, जागा दिली. सकाळचे एकतीसही जण आज मुलं न्यायला आले होते, मी एकेकाला पेन देत गेले. कुणी मुलाकडे दिलं नाही. प्रत्येकाने मजकूर पूर्ण वाचला, ज्यांना येत नव्हतं त्यांनी शेजारच्याकडून वाचून घेतला, दोघांनी एक शब्द दुरुस्त करायला लावला.

तीस सह्या, एक अंगठा. सगळ्या अस्सल.