अपेक्षाचा राहिलेला पेपर

सोलापूर

चि. महादेव यास ताईचे आशीर्वाद.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि आज तू पाठवलेला कुंडलिक तुझ्या लेकीला न्यायला दारात उभा राहिला, म्हणून लिहिते आहे. अपेक्षा हायड्रॉलिक्समध्ये नापास झाली, हे खरं. त्यासाठी तिला डिप्लोमा सोडायला लावायचा, हे मला मान्य नाही; हा पेपर पुन्हा देता येतो.

मी प्रश्नपत्रिका घेऊन तिच्यासमोर बसले. पंप पाण्यापासून किती उंचीवर बसवावा, हे गणित तिने कोरं सोडलं होतं. मी विचारलं, "उन्हाळ्यात धरणाचं पाणी हटलं की तुम्ही काय करता?"

"मोटर खाली नेतो की, आत्या. लई वरनं पाणी वढत न्हाय ती."

"किती वरून?"

"वीस फुटाच्या आत बरं. आण्णा मोजूनच ठेवत्यात," ती तुझं नाव घेऊन म्हणाली.

"मग परीक्षेत हे का नाही सुचलं?"

"त्ये गणितात चालतं व्हय?"

दर उन्हाळ्यात तुझ्याबरोबर पाइप ओढणाऱ्या मुलीला पुस्तकातला पंप तोच आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. ती सूत्रं पाठ करत राहिली. आता आधी चित्र काढते, मग आकडे मांडते. रविवारपासून नऊ गणितं सोडवली. दोन चुकली, त्या चुका तिच्या तिनेच शोधल्या.

तुझा गुडघा कसा आहे? मोटर हलवायला गडी लाव. लेक इथे म्हणून काळजी करणारी सारजा वेळेवर जेवते ना?

तुझी ताई

कुंडलिकच्या हाती दिले: हे पत्र, नऊ गणितांची वही, कडक भाकरीचा पुडा. अपेक्षाला मात्र त्याच्याबरोबर पाठवलेलं नाही.