बरं हाय का?

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कोणाच्या पोटावर हात ठेवायचा म्हटलं की मी आधी तळहात एकमेकांवर चोळते. थंड हाताला पोट घाबरतं, आखडून जातं, मग खरं काही सांगत नाही, हे शिकवणं तुमचंच. ऐंशीनंतरची ती वर्षं. सौसरच्या दवाखान्यातला लांबट हॉल, कोपऱ्यात स्टोव्हवर काचेच्या सिरिंजा उकळताहेत, आणि आम्ही नर्सिंगच्या पोरी पांढऱ्या साड्या सावरत तुमच्या मागं. तुम्ही चालायच्या भरभर, आम्ही अक्षरशः पळायचो.

संत्र्याच्या तोडणीचे दिवस आहेत. रामाकोन्याची एक मजूर बाई खाटेवर पडली आहे आणि तिला तपासायची पाळी माझी. मी जवळच्याच मोहगावची, मला इथल्या बायांशी बोलायला काय शिकवायचं! मी ऐटीत विचारते, "बरं हाय का, मावशी?" ती म्हणते, "बरं हाय व माय." झालं. मी वळून तुम्हाला सांगते, काही त्रास नाही. तुम्ही चष्म्यावरून असं पाहता की मी मान खाली घालून स्वतःच्या चपला पाहत बसते.

"तपासलं का रामराम घातला व तिले? आपल्या इकडं मरनाऱ्याले विचारलं तरी बरं हाय म्हनते. तोंडानं मानूस रीत पाळते. हात पोटावर ठेव अन् डोये तिच्या तोंडावर."

सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. असा राग आला होता तुमचा! पण हात ठेवला. उजवीकडं बरगडीखाली जरा दाबलं, आणि बरं हाय म्हणणारीच्या कपाळावर आठी पडली. "इथं दुखून राहिलं ना, मावशी?" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, "लय दिवसाचं हाय पोरी. कोनं हातच नाही लावला." तुम्ही शाबासकी काही दिली नाही. पुढच्या खाटेकडं जाताना माझा सुटलेला पदर तेवढा खोचून दिला.

तुम्ही आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी नोकरीला लागले होते. पांढुर्ण्याला तुमच्या घरी आले. स्वयंपाकघराला लागूनच खाट टाकलेली, तुमची बहीण चहा ठेवत होती, आणि तुम्ही निम्म्या झालेल्या. माझ्या तोंडून काय निघावं, बाप्पा! "बरं हाय का, बाई?"

"रामराम घालून राहिली का मले?" आवाज तोच, ठणठणीत. "ये, तपास. डॉक्टर गोड बोलते, हे बहीन रडते. खरं कोनी सांगत नाही. तू सांग."

मी तळहात चोळले. बरगडीखाली हाताला कडक लागलं, दगडासारखं. शिकवल्याप्रमाणं तुमच्या तोंडाकडं पाहिलं. आठी नाही, काही नाही. तुम्हीच माझ्याकडं टक लावून पाहत होता. मी शब्द जुळवतेय, तेवढ्यात म्हणालात, "राहू दे, समजलं. पेशंटबी आपल्या तोंडाकडं पाहते व. हे शिकवाचंच राहिलं."

मग बहिणीला सांगितलं, चहात साखर जास्त टाक, पोरगी पांढरी पडली.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून खरं सांगते. आता मी पोरींना शिकवते : हात चोळा, डोळे पेशंटच्या तोंडावर ठेवा, आणि आपलं तोंड सांभाळा. मोठ्या तोऱ्यात सांगते. मला मात्र ते अजून जमत नाही, बाई. परवा एका म्हातारीच्या पोटावर माझा हात होता. तिनं माझ्याकडं पाहिलं, माझा गाल थोपटला आणि म्हणाली, "बरं हाय माय, बरं हाय."