बेटावरची ओटी

पनवेल,
भाद्रपद वद्य पंचमी, शुक्रवार
१७ सप्टेंबर १९५४

ती. महादेवदादास,

दमूचा नमस्कार, वहिनीलाही सांग. धुळ्याची हवा तुला मानवली हे वाचून बरं वाटलं. इकडे ह्यांचा खोकला गेला. शकूचे पाढे विसापर्यंत आले. या खेपेस कार्ड न घेता पाकीट घेतलं, तेव्हाच तू ओळखशील की काही जास्तीचं आहे. कार्ड वाटेत कुणीही वाचतं.

तू तिन्ही कार्डांत विचारलंस, बेटावर पिलं किती? मी तिन्ही वेळा लिहिलं, पाऊस फार, होडी मिळेना. होडी मिळत होती, दादा.

आज मामंजींचं श्राद्ध झालं. परसात पान ठेवलं नि कावळा लगेच शिवला. सासूबाई म्हणाल्या, "बघ, तृप्त आहेत हो." मी पाठ फिरवून आत आले. मला कावळ्याकडे बघवत नाही आता. का, तेच सांगायला बसले आहे.

तू इथं मास्तर होतास तोवर पक्ष्यांच्या विणीत, ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत, बेटाला कुणी होडी लावत नव्हतं. जाताना ते माझ्यावर सोपवून गेलास. आषाढात मी उलव्याच्या ठमाबाई कोळिणीच्या होडीतून लांबूनच घरटी मोजली, हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवली. बगळे, रातबगळे, वरच्या फांद्यांवर पाणकावळे, मिळून तीनशे बारा. तुला कळवलंही. पण त्याच आठवड्यात माणसं जळणासाठी तिथली तिवराची झाडं तोडायला येऊ लागली. ठमाबाई म्हणाली, "बाय, मास्तर व्हतं तवा वचकून व्हती. आता माजा कोन ऐकतंय?"

मग मला जे सुचलं ते केलं. मंगळवारी देवळात आरतीनंतर गोदूबाईंना म्हटलं, मला दृष्टांत झाला. देवी म्हणाली, बेट माझं आहे, तिथली काडी मोडू नका. देवराईला कुणी कुऱ्हाड लावत नाही, तसंच इथं होईल असं वाटलं. गोदूबाईंना सांगितलं म्हणजे साऱ्या पनवेलीला सांगितलं. आठ दिवसांत तोड थांबली. तुला मी तेवढंच लिहिलं, तोड थांबली. तू शाबासकी दिलीस. ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं होतं, आता तिथून काढलं आहे.

श्रावण लागला नि गोदूबाई चार बायका घेऊन दारात. "काय गं, देवी बेटावर येऊन बसली, नि तिची ओटी कोरडीच?"

मी म्हटलं, "पाऊस सरू दे की."

"श्रावणातला शुक्रवार सोडून ओटी काय शिमग्याला भरतेस?"

सगळ्या हसल्या. तिथंच मला खरं बोलता आलं असतं. मीही हसले.

चार शुक्रवार झाले, दादा. तीन-तीन होड्या, झांजा, ढोलकं. नि पुढच्या होडीत मी, कारण दृष्टांत माझा. पहिल्या शुक्रवारी होडी तिवरांना लागली आणि सगळे पक्षी एकदम उठले. आभाळ पांढरं झालं. बायकांनी हात जोडले, म्हणाल्या, देवीनं दर्शन दिलं. वर ते ओरडत घिरट्या घालत होते, खाली उघड्या घरट्यांत कावळे उतरत होते. एका कावळ्यानं पिलू मानेला धरून उचललं, ते मी बघितलं. नि नारळ ठेवून ओटी पुरी केली.

परतताना ठमाबाई वल्हं मारता मारता म्हणाली, "बाय, तुमची देवी कावल्यांची हाय का वं?"

ऐकू आलं नाही असं दाखवलं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेले.

काल ठमाबाईबरोबर एकटीच जाऊन आले. लांबूनच मोजलं. पिलं असलेली घरटी अकरा.

आता दिवाळीनंतर तिथं देवीचा चौथरा बांधायचं चाललंय. त्यासाठी आधी तिवरं जातील, मग पक्षी यायचे कुठे? म्हणून घटस्थापनेला आरती झाली की मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. ह्यांना काल बोलले. म्हणाले, "वेड लागलंय का? गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मग पानाला चुना लावता लावता म्हणाले, "शकूला त्या दिवशी देवळात नेऊ नकोस." म्हणजे जा, असंच ना?

ठमाबाई येते म्हणाली. "मी बाजूला हुबी ऱ्हाईन. बोलायचा मातर तुमी."

तू धावत येऊ नकोस, नि माझ्या वतीनं कुणाला काही लिहूही नकोस. तुझ्या वहीत मात्र तीनशे बाराच्या पुढे अकराच लिही. पाऊस, वारा असं काही कारण घालू नकोस.

देवीचं नाव घेऊन खोटं बोलले, ते तिच्यापुढंच परत घ्यायचं आहे. उद्या सकाळी पाकीट पेटीत टाकते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

तुझी बहीण,
जिला कधीच दृष्टांत झाला नाही,
दमू