मागच्या दाराच्या पट्टीखाली

नाना, गेल्या महिन्यात एका रविवारी मी गाडीच्या चारही दारांवरच्या पट्ट्या काढल्या. दाराच्या मधोमध आडव्या बसवलेल्या त्या काळ्या पट्ट्या, ज्यांना तुम्ही बीडिंग म्हणायचात. गाडी आता वीस वर्षांची झाली, आरटीओत पुन्हा दाखवायची वेळ आली, आणि पट्ट्यांच्या खालून तांबूस ओघळ यायला लागले होते. निफाडातला गॅरेजवाला म्हणाला, "ताई, वरनं पुट्टी भरून रंग मारून देतो, कुणाला कळायचं नाय." मी त्याला नको म्हणाले आणि घरी येऊन पट्ट्या गरम करायला केस वाळवायचं मशीन शोधत बसले. आई खाटेवरून बघत होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा त्यांना नाशिकला डायलिसिसला न्यावं लागतं. बसची पायरी त्यांना चढवत नाही. तुमच्या मुलाची सातपूरला शिफ्ट असते, सुट्ट्या केव्हाच संपल्या. गाडी मीच चालवते. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधल्या दिवशी थकवा जातो असं लोकांना वाटतं. तो जात नाही, फक्त खाली बसतो.

पट्टी कशी काढायची हे मला तुम्हीच शिकवलंत, आणि ते शिकवण्याआधी दोन वर्षं तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नव्हतात. मी पेठकडची, डोंगरातली, तुमच्या नात्यागोत्यात न बसणारी. तुमच्या मुलाने मला घरी आणलं तेव्हा तुम्ही उठून मळ्यात निघून गेलात. नंतर मी ताट वाढायचे आणि तुम्ही आईंना सांगायचात, "तिला म्हणावं, भाजी बास." मी तीन हातांवर उभी असायचे. मग तुम्ही कंपनीतून निवृत्त झालात, ही गाडी जुनी घेतलीत, आणि एका सकाळी अंगणात दाराशी उकिडवे बसून काहीतरी खुडत होतात. मी कपडे वाळत घालतेय. तुम्ही मान न वळवता विचारता, "केसातला आकडा हाय का?" आधी मला वाटलं आईंना विचारताय. आई घरात होत्या. मी आकडा काढून दिला. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली होती. तुम्ही आकड्याने ती मोकळी केलीत आणि आतलं साठलेलं गढूळ पाणी तुमच्या पायावर आलं. मी हसले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "हसती काय, धर हिकडं."

त्या दिवशी दुपारपर्यंत मी तुमच्या शेजारी बसले होते. तुमची बोटं जाड, पट्टीमागे जायची नाहीत, माझी जायची. आधी पट्टी गरम करायची, म्हणजे मागचा चिकटपणा ढिला होतो. मग बांबूची चपटी कामटी, तिला आईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला, ती हळूच आत सरकवायची. "वढायची नाय पट्टी. सोडवायची," तुम्ही म्हणालात. पट्टी अडकवणारी एक क्लिप माझ्या हातून तुटली, तेव्हा काही बोलला नाहीत. पण गंज घासताना माझे हात भरून आले, आणि एका क्लिपच्या भोकाभोवती थोडा लाल चट्टा राहिला असताना मी त्यावर प्रायमर मारून टाकला. तुम्ही आलात, ओल्या रंगावरून पॉलिश पेपर फिरवून सगळं पुसून काढलंत. "झाकलं म्हंजे गेलं असं वाटतं का तुला? आतून खातंय ते. पांढरा पत्रा दिसस्तोवर घासायचं. नसंल जमत तर सांग, पण झाकू नको." मला रडू आलं, पण बरंही वाटलं. दोन वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा कुणीतरी थेट ओरडलं होतं.

संध्याकाळी तुम्ही किल्ली माझ्यापुढे धरलीत. "शिकायची का?" एवढंच. मग सहा महिने पिंपळगावच्या रस्त्यावर द्राक्षांच्या ट्रॅक्टरमागून तुम्ही मला चालवायला शिकवलंत, आणि सगळ्या गावाने ते पाहिलं. माणसं काय म्हणाली ते मला माहीत आहे. तुम्ही काय उत्तर दिलंत ते मला कधी कळलं नाही.

तर गेल्या महिन्यातला रविवार. पुढची दोन्ही आणि मागचं उजवं, अशी तीन दारं बरी निघाली, थोडं घासून भागलं. मागच्या डाव्या दाराची पट्टी सोडवली आणि रंगाचा पापुद्रा तिच्याबरोबरच निघून आला. खाली भाकरीच्या जळक्या पदरासारखा गंज. बोट लावलं तर आत गेलं. मी बघत राहिले. बाकीची तीन आपण दोघांनी केली होती, हे दार तुम्ही एकट्याने केलं होतं. माझी आई गेली म्हणून मी पंधरा दिवस पेठला होते, परत आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "झाली चारी दारं." पत्र्यावर घासल्याची एकही रेघ नव्हती. गंजावरच प्रायमर, त्यावर रंग, त्यावर पट्टी. मला एवढा राग आला की मी ब्रश खाली टाकला. मला रडवलंत आणि स्वतः हे केलंत? मग त्या वर्षातले तुम्ही आठवलात. कप बशीत वाजायचा म्हणून तुम्ही चहा पेल्यातून प्यायला लागला होतात. शर्टाची वरची दोन बटणं उघडी असायची आणि आम्हाला वाटायचं उकडतंय. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. नाना, जमत नाही म्हणून सांगायचं होतं ना. मी परत आले होते. माझे हात होते.

पत्रा मी पांढरा होईपर्यंत घासला. मधे जिथे भोक पडलं तिथे गॅरेजवाल्याकडून नवा तुकडा बसवून घेतला, बाकी सगळं मी केलं. गंजाचं औषध, प्रायमरचे दोन हात, रंग, पाणी लागू नये म्हणून आतून मेण, नव्या क्लिपा. चार संध्याकाळी गेल्या. आईंना भरवायचं, त्यांच्या पाण्याचे घोट मोजायचे, मग पुन्हा अंगणात.

पुढच्या आठवड्यात बुधवारी डायलिसिस दुपारी होतं, म्हणून सकाळी आईंना मागे बसवूनच गाडी आरटीओत नेली. साहेबांनी दारं उघडून बंद केली, खाली वाकून पाहिलं, दिवे लावायला लावले. "ठेवलीय चांगली," म्हणाले, आणि सही केली. मी येऊन सीटवर बसले, किल्ली फिरवली नाही. आईंनी मागून विचारलं, "काय म्हणलं?"

"पास झाली. अजून पाच वर्षं."

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मला वाटलं, नापास करतील. मंग बंद झालं असतं हे सगळं. तू तरी सुटली असती."

मी म्हणाले, "असं नाही बोलायचं आई," आणि गाडी दवाखान्याकडे वळवली. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. साहेब मागच्या दारापाशी वाकले होते तेव्हा मीही तेच मागत होते, नाना. त्यांनी नाही म्हणावं.