खोली कालच गेली

अमरावती, ३ जून २०२४

चि. खुशाल यास विमलताईचे अ. उ. आ.

फोनवर तू हो-हो म्हणतोस आणि फोन साधनाकडे देतोस, म्हणून पत्रच बरं. तुझ्या वसंतभाऊजींना जाऊन पाच महिने झाले. त्यांचं इंग्रजी वर्तमानपत्र अजून येतं. मला ते वाचता येत नाही, पण बंद करायलाही गेले नाही.

वाचनालयातून अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांच्या लढ्याचं जाड मराठी पुस्तक आणलंय. सातवी शिकलेल्या बाईला हे कावून पाहिजे, असं ग्रंथपालाच्या तोंडावर होतं. बसमध्ये त्यांना मागं बसवत, मतदार यादीत नाव येऊ देत नसत. एका गावात वर्षभर लोक पायी कामावर गेले, पण बसमध्ये चढले नाहीत.

काम असं, की बडनेऱ्याचे धर्मपालभाऊ, भाऊजींचे रेल्वेतले मित्र, त्यांची पौर्णिमा अकोल्यात नर्स म्हणून लागली आहे. भाऊजींचं शेवटच्या अकरा दिवसांत सगळं तिनंच केलं. तुझी माडीवरची खोली रिकामी आहे. गुरुवारी ती बघायला येईल.

लोभ आहेच, तो पत्रातूनही कळू दे.

तुझी विमलताई

*

अकोला, ७ जून २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

मुलगी काल आली होती. बोलायला गुणाची. पण खोली आदल्याच दिवशी बँकेतल्या एका माणसाला गेली. साधनाने तसं सांगितलं, चहाही विचारला, पण तिला घाई होती.

तुझ्या पुस्तकाचं वाचून साधना हसून राहिली. म्हणते, ताईले म्हणा, अमेरिकेचं झालं असेल तर आमच्या गल्लीतला नाला कोण साफ करते तेही वाचून सांगा.

धर्मपालभाऊंना नमस्कार. धाकट्यावर माया असू दे.

तुझा खुशाल

*

अमरावती, ११ जून २०२४

चि. खुशाल यास अ. उ. आ.

पौर्णिमा तक्रार घेऊन आली नाही. ती रोज रेल्वेने जाते-येते. मीच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, की साधनाकाकूंनी आधी खोली दाखवली, पंखा लावून दाखवला, मग वडिलांचं नाव विचारलं. धर्मपाल म्हटल्यावर खोली कालच गेली म्हणाल्या.

पुस्तकात आहे, की तिथं काळं जोडपं घर बघायला गेलं की घर गेलं म्हणत. मग चळवळीतले लोक त्याच दिवशी गोऱ्या जोडप्याला पाठवत, आणि त्याच घराची किल्ली निघे. मी काल तेच केलं. शेजारची निधी कॉलेजात शिकवते, पेपर तपासायला अकोल्याला गेली होती. तिला तुझ्या घरी पाठवलं. साधनाने तिला सरबत दिलं, मोर्णा नदीकडून वारा येतो म्हणाली, आणि पाहिजे तर आजच किल्ली न्या म्हणाली.

तुला पकडायला नव्हतं पाठवलं रे. पौर्णिमाचीच समजूत चुकली असावी, एवढंच मला पाहिजे होतं.

तुला बोलायचा अधिकार मला नाही. आमच्या शेजारचा प्लॉट धर्मपालभाऊंनी मागितला होता. भाऊजी सोसायटीचे सचिव. सगळे प्लॉट गेले, असं त्यांनी मित्राला तोंडावर सांगितलं. तसं सांगा, हे मी म्हटलं होतं. लोकांची भीती मलाच होती. प्लॉट चार वर्षं पडून राहिला. धर्मपालभाऊ आमच्याकडे येत राहिले, जेवत राहिले. मी वाढत राहिले.

राग आला तरी लिही.

विमलताई

*

अकोला, १८ जून २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

राग आला होता. पाच दिवस कागद घेतला नाही. चौथ्या दिवशी साधना म्हणाली, खोटं मी बोलली, पण बोल म्हणून सांगितलं कोणी? खरं आहे. मीच सांगितलं होतं.

काल किल्ली घेऊन दवाखान्यात गेलो. पौर्णिमाने वॉर्डाबाहेर थांबवलं. म्हणाली, काका, किल्ली ठेवून घ्या. खोली माझ्या नावावर नाही अडली, बाबांच्या नावावर अडली. माफी मागायची असेल तर त्यांच्याकडे जाऊन मागा.

३० तारखेच्या रविवारी येतो. तू सोबत चल. एकट्याला धीर होत नाही.

तुझा खुशाल

*

अमरावती, २४ जून २०२४

चि. खुशाल यास अ. उ. आ.

मी तुझ्यासाठी थांबले नाही. काल बडनेऱ्याला जाऊन आले. धर्मपालभाऊ दारात सायकल पुसून राहिले होते. उभ्यानंच सगळं सांगितलं.

ते म्हणाले, वहिनी, मले त्याच वर्षी समजलं होतं. तुमच्या घरी यायचं तर त्या रिकाम्या प्लॉटवरूनच यावं लागे. वसंता दार उघडताना खाली पाहे, म्हणून मी कधी विचारलं नाही.

खुशाल, मला वाटायचं, ते आमच्याकडे जेवत होते म्हणजे त्यांना माहीत नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, की ते पुस्तक हाती नसतं आलं तर आल्या असत्या का. मी नाही म्हणाले. ते सायकलची चेन पुसत बसले. मग म्हणाले, हे खरं बोलल्या. माफ केलं असं म्हणाले नाहीत. मीही म्हणायला लावलं नाही.

पौर्णिमाला दवाखान्याजवळ मैत्रिणीसोबत खोली मिळाली. तुझी नको म्हणते. पुढचा माणूस खोली बघायला येईल तेव्हा त्याच्या बापाचं नाव विचारू नका.

रविवारी जेवायला ये. धर्मपालभाऊंकडे मात्र मी सोबत येणार नाही. स्टेशनच्या मागच्या गल्लीत, डाव्या हाताला तिसरं घर.

माया होती तितकीच आहे.

तुझी विमलताई