शांत पोरीचा सत्कार

केडगाव, मंगळवार

ती. आईला सत्यशीलाचा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे काय म्हणतात?

मी शिकवते त्या कॉलेजनं काल दिपालीचा 'शिस्तप्रिय विद्यार्थिनी' म्हणून सत्कार केला. आईबाप ऊसतोडीला गेल्यापासून ही पोर वर्गात बोलत नाही, मेसमध्ये भरलं ताट बाजूला सारते. प्राचार्य म्हणाले, "लई गुणी पोर, मॅडम. कसली तक्रार न्हाई."

मी म्हटलं, "सर, तक्रारीला तोंड उघडावं लागतं." ते हसले.

मुलांनी मन मोकळं करावं म्हणून केलेल्या खोलीला कुलूप आहे. तपासणीचे पाहुणे येईपर्यंत फरशी मळायला नको.

शनिवारी तिला घरी आणते. खोदून विचारू नकोस, भाकरी थापताना जवळ बसव. नाहीच बोलली, तर निदान तू तिला गुणी म्हणू नकोस.

तुझी तोंडाळ लेक,
सत्यशीला